वीस वर्षे न वापरलेला टब काढून तिथे शॉवरची जागा करण्याविषयी

शेवंती (धागाकर्ती)

आमची सदनिका पुण्यात कोथरूड भागात, नऊ मजली इमारतीच्या चौथ्या मजल्यावर आहे. इमारत २००४ साली पूर्ण झाली. त्या काळी बिल्डर मंडळी ‘मास्टर बेडरूमला टब’ हे माहितीपत्रकात मोठ्या कौतुकाने छापत असत आणि त्या कौतुकापायी आमच्याही न्हाणीघरात साडेपाच फूट लांब, अडीच फूट रुंद असा पांढरा ॲक्रिलिकचा टब आला. नातवंडांनी दोनतीनदा घातलेला धुडगूस सोडला तर त्यात आजवर कोणीही आंघोळ केलेली नाही. सध्या त्यात पाणीकपातीच्या दिवसांसाठी भरून ठेवलेली दोन पिंपे, मखराच्या नळ्या आणि सासूबाईंचे तांब्याचे घंगाळ असा ऐवज आहे.

न्हाणीघर एकंदर सात फूट बाय साडेपाच फूट. टब मागच्या भिंतीला, खिडकीखाली आडवा बसवलेला असल्यामुळे प्रत्यक्ष आंघोळ होते ती टब आणि कमोड यांच्यामधल्या जेमतेम अडीच फुटांच्या पट्टीत. सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत आणि त्यांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. त्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून, एक हात टबाच्या कडेवर ठेवून तांब्याने पाणी घेतात, आणि साबणाचे ते पाणी सगळ्या फरशीवरून वाहत दाराजवळच्या बेसिनखालच्या नहाणी ट्रॅपपर्यंत (फरशीतल्या सांडपाण्याच्या जाळीपर्यंत) जाते. परिणामी टब कायम कोरडा आणि चालायची वाट कायम ओली, असा उलटा कारभार आमच्याकडे आहे. गेल्या श्रावणात त्या आंघोळ करून बाहेर येताना दाराशी घसरल्या. चौकट हाती लागली म्हणून निभावले.

टब काढून तिथे कट्टा किंवा पायरी नसलेली, सरळ चालत आत जाता येईल अशी शॉवरची जागा करावी, असे आम्ही ठरवले आहे. दोन ठेकेदारांना बोलावले. पहिल्याचे म्हणणे असे की, टब उचलतो, खालची जागा भरून काढतो आणि सगळीकडे जुन्या फरशीवरच नवी फरशी चिकटवून पाच दिवसांत मोकळा होतो. दुसऱ्याच्या मते संपूर्ण न्हाणीघर स्लॅबपर्यंत उकरावे लागेल, तीन आठवडे लागतील, आणि त्याचा आकडा पहिल्याच्या जवळजवळ अडीचपट आहे. यांतले कोणाचे ऐकावे, काचेचे पार्टिशन घ्यावे की नाही, आणि सोसायटीला काय कळवावे, याविषयी अनुभवी मंडळींनी सांगावे.

आणखी एक गोष्ट संबंधित आहे की नाही, मला कळत नाही. दरवर्षी एप्रिल-मेमध्ये या न्हाणीघरात गटाराचा वास येतो. नहाणीची जाळी बदलून झाली, फिनेल ओतून झाले, तरी वास जात नाही.

चौथरा

शेवंतीताई, मी स्थापत्य अभियंता होतो, आता निवृत्त आहे. उत्तराची सुरुवात तुम्ही शेवटी लिहिलेल्या वासापासूनच करतो, कारण त्यावरून खाली काय आहे याचा अंदाज येतो.

टबाच्या सांडपाण्याच्या नळीखालीही एक ट्रॅप असतो. त्याच्या वाकात साधारण ५० मिलिमीटर उंचीचे पाणी कायम उभे असते आणि ड्रेनेजची हवा आणि तुमचे घर यांच्यामध्ये तेवढेच पाणी काय ते आड असते. वापरात असलेल्या नहाणीत ते रोज नवे होते. तुमच्या टबात कोणी पाणीच सोडत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात ते वाळून जाते आणि वास थेट टबाच्या भोकातून वर येतो, तर तुम्ही फिनेल ओतता बेसिनखालच्या नहाणीत. आज रात्री टबाच्या भोकात दोन तांबे पाणी ओता आणि दोन दिवस वाट पाहा.

आता मूळ प्रश्न. २००४ सालची इमारत आहे, म्हणजे बहुतेक ‘सनकन स्लॅब’ असणार. तुमच्या न्हाणीघराचा स्लॅब शेजारच्या खोलीपेक्षा फूटभर खाली असतो, त्या खोलगट भागातून तुमच्याच ड्रेनेजच्या नळ्या जातात आणि वरून विटांच्या तुकड्यांचा कोबा भरून फरशी बसवलेली असते. या रचनेचा फायदा असा की, नळ्यांची जागा बदलताना खालच्या घराचे छत फोडावे लागत नाही. तोटा असा की, फरशीच्या सांध्यांतून झिरपलेले पाणी त्या भरावात टाकीसारखे साठून राहते, आणि एके दिवशी खालच्या घराच्या छताला पोपडे येतात तेव्हाच सर्वांना कळते.

टब असताना एक गोष्ट तुमच्या बाजूची होती. तुमच्या न्हाणीघराचा एक तृतीयांश भाग त्या टबाने झाकलेला होता आणि त्याखालच्या वॉटरप्रूफिंगची कधी परीक्षाच झाली नाही. टब काढताच तो भाग सर्वांत ओला होणार आहे. कित्येक ठिकाणी टबाच्या जागी खाली फरशी नसते, भिंतीवरच्या टाइल टबाच्या कडेपासून वर सुरू होतात आणि कडेच्या खाली नुसता गिलावा असतो. तेवढा खड्डा भरून वर फरशी चिकटवली, तर नवा भराव आणि जुना कोबा यांच्यामध्ये एक सांधा तयार होतो आणि तो सांधा नेमका शॉवरच्या पायाशी येतो. पहिला ठेकेदार अप्रामाणिक आहे असे मी म्हणत नाही. बेडरूममध्ये फरशीवर फरशी चिकटवणे ठीकच असते. इथे मात्र दुसऱ्याचे ऐका.

उताराचा हिशेबही तिथेच बिघडतो. शॉवरच्या जागेला साठास एक ते ऐंशीस एक इतका उतार हवा. तुमची साडेपाच फुटांची लांबी धरली तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाऊण ते सव्वा इंच एवढी ही घसरण होते. फरशीवर फरशी चढवली की दाराशी उंची आधीच अर्ध्यापाऊण इंचाने वाढते, मग उतारासाठी आणखी उंची आणायची कुठून? मग मिस्त्री मध्येच कट्टा घालतो, आणि तुम्हाला तर कट्टाच नको आहे. नवा ट्रॅप शॉवरच्या आतल्या भिंतीशी, खाली, स्वतंत्र घ्या आणि त्याची बाहेर जाणारी नळी किमान ७५ मिलिमीटरची ठेवा. टबाची ४० मिलिमीटरची जुनी नळी तशीच वापरू द्यायची नाही, कारण टबातले पाणी हळूहळू गेले तरी चालते, पण शॉवरचे पाणी जितक्या वेगाने येते तितक्याच वेगाने गेले पाहिजे.

माटुंगारोड

वर चौथरा यांनी लिहिलेले सनकन स्लॅबचे सुख आमच्या नशिबी नव्हते, म्हणून दुसरी बाजू लिहितो. आमची मुंबईतली इमारत १९७०च्या दशकातली आहे. स्लॅब सपाट, त्यामुळे आमच्या न्हाणीघराच्या नळ्या आणि ट्रॅप खालच्या घराच्या छताला लोंबतात आणि वरच्यांच्या आमच्या छताला. आम्ही बिडाचा जुना टब काढला तेव्हा ट्रॅपची जागा दीड फूट सरकवायची होती. त्यासाठी खालच्या काकूंच्या न्हाणीघरात परांची बांधून चार दिवस काम करावे लागले, त्यांचे फॉल्स सीलिंग आम्हीच पुन्हा करून दिले, आणि त्या चार दिवसांत त्यांच्या घरी आंघोळीची पंचाईत झाली म्हणून त्यांच्या कुटुंबाने आमच्या दुसऱ्या न्हाणीघरात आंघोळी केल्या. शेजार टिकला तो त्यामुळेच.

सोसायटीविषयी: महाराष्ट्राच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाची आणि सामाईक बाहेरच्या नळ्यांची गळती सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त होते, पण शौचालय, सिंक यांच्यामुळे होणारी आतली गळती ज्या सभासदाची त्याच्या खर्चाने. तेव्हा काम सुरू करण्याआधी सचिवांना लेखी अर्ज द्या, त्यात स्लॅबला, बीमला किंवा कॉलमला हात लावणार नाही हे स्पष्ट लिहा, आणि मुख्य म्हणजे खालच्या घराच्या छताची छायाचित्रे त्यांच्या समक्ष काढून ठेवा. आमच्या बाबतीत छताला आधीपासून असलेला डाग आमच्याच नावावर लागला होता. राडारोडा कुठे जाणार हेही ठेकेदाराकडून लिहून घ्या, रात्री टेकडीच्या कडेला पोती टाकून येणारे टेंपो तुमच्याकडेही असतीलच.

शेवंती

चौथरा, दोन तांबे पाणी ओतले आणि दुसऱ्या दिवशी वास नाहीसा झाला. वीस उन्हाळे आम्ही भलत्याच नहाणीची सेवा करत होतो. सासूबाईंना सांगितले तर त्या म्हणाल्या, “मी त्या मेल्या टबाकडेच बोट दाखवत होते.” हे खरेही आहे, आम्हीच लक्ष दिले नाही.

दुसऱ्या ठेकेदाराला होकार कळवला आहे. आता प्रश्न काचेचा आणि शॉवरचा. मुलगा म्हणतो की, छतातून पडणारा बारा इंची रेन शॉवर घ्यावा आणि पुढे पूर्ण काच लावावी.

एडिसनवासी

मी न्यू जर्सीत राहते. इथे साठ इंच बाय तीस इंचांचा टब हा जवळजवळ प्रत्येक घरात असतो आणि तो काढून वॉक-इन शॉवर करणे हा एक स्वतंत्र धंदाच झाला आहे. गंमत अशी की, अमेरिकेच्या अपंगांसाठीच्या २०१०च्या मानकांत चाकाची खुर्ची आत नेता येईल अशा शॉवरचे किमान माप तीस इंच बाय साठ इंच, म्हणजे बरोबर एका टबाएवढेच दिलेले आहे. तुमचा टब त्याहून सहा इंच लांब आहे, तेव्हा जागा कमी पडेल ही चिंता सोडून द्या.

आमच्याकडची अडचण वेगळी. इथे घराची जमीन लाकडी तुळयांवर असते, त्यामुळे कट्टा न ठेवता उतार काढायचा तर तुळयांना धक्का लागतो, आणि म्हणून बहुतेक लोक तीनचार इंचांचा कट्टा मुकाट्याने स्वीकारतात. आईला इथे आणले तेव्हा तो चार इंचांचा कट्टाही तिला टबाइतकाच अवघड गेला. तुमच्याकडे काँक्रीटचा खोलगट स्लॅब आयता आहे, तर तो फायदा वाया घालवू नका.

घर विकताना अडचण नको म्हणून निदान एक टब राहू द्यावा, असा सल्ला इथले दलाल देतात. लहान मुले असलेली गिऱ्हाइके टब शोधतात, म्हणून. पुण्यात तो विचार करण्याचे मला तरी कारण दिसत नाही.

बादलीतांब्या

रेन शॉवरविषयी थोडा हिशेब मांडतो. नऊ मजली इमारतीत गच्चीवरच्या टाकीपासून चौथ्या मजल्यावरच्या शॉवरपर्यंत पाण्याची उंची साधारण पंधरा-सोळा मीटर भरते. दहा मीटरला एक बार धरला तर तुम्हाला दीड बार दाब मिळेल, आणि तो चांगला आहे. आमच्यासारख्या सर्वांत वरच्या मजल्यावरच्यांना अर्धा बारही मिळत नाही, तिथे बारा इंची शॉवरखाली उभे राहिले तर झाडाखाली पाऊस ओसरल्यावर पडतात तसे थेंब पडतात. तेव्हा शॉवर चालेल. गीझर चालेल का, ते पाहा.

समजा तुमचा गीझर पंधरा लिटरचा आहे आणि पाणी ६० अंशांपर्यंत तापते. नळाचे पाणी २५ अंशांचे असेल तर ४० अंशांचे आंघोळीचे पाणी साधारण पस्तीस लिटर होते. डिसेंबरात नळाचे पाणी १८ अंशांवर आले की ते तीस लिटरच्याही खाली जाते. साधा शॉवर मिनिटाला आठ-नऊ लिटर पाणी घेतो आणि मोठे रेन शॉवर त्याच्या दुप्पटही घेतात. म्हणजे तुमच्या चिरंजिवांचे तोंडाला साबण लावून होते न होते तोच गार पाणी सुरू. पंचवीस लिटरचा गीझर घ्या, तो शॉवरच्या फवाऱ्यापासून लांब लावा, आणि त्याच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) आहे ना, याची वायरमनकडून खात्री करून घ्या.

एक कळकळीची विनंती: बादलीचा नळ काढू नका. हल्लीच्या चकचकीत न्हाणीघरांत डायव्हर्टर, हँड शॉवर, ओव्हरहेड शॉवर असे सगळे असते आणि बादली भरायला जागाच नसते. आपल्या घरात अभ्यंगस्नान, सुतकाची आंघोळ, भिजवलेले कपडे, पाणी नसेल त्या दिवशीची सोय, हे सगळे बादलीवर चालते.

सांधेजोड

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे रुग्ण घरी जाऊन पाहते, त्यामुळे माझे मत थोडे आग्रही आहे, ते समजून घ्यावे.

सासूबाई टबाच्या कडेवर हात ठेवतात, हे तुमच्या लिहिण्यातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. टब काढल्यावर तो आधार जाणार. त्याच्या जागी पहिल्या दिवसापासून धरायचे दांडे हवेत, नंतर बघू म्हणून चालणार नाही. फरशीपासून ३३ ते ३६ इंचांवर एक आडवा दांडा, आत शिरण्याच्या तोंडाशी एक उभा. दांडा भिंतीपासून दीड इंच पुढे असावा, म्हणजे बोटे नीट वळतात आणि हात मनगटापर्यंत मागे अडकत नाही. तो किमान ११३ किलोचा भार झेलणारा असावा. टॉवेलचा दांडा म्हणजे आधाराचा दांडा नव्हे. घसरलेला माणूस टॉवेलचा दांडा भिंतीतून उपटून हातात घेऊन पडलेला मी पाहिला आहे. तुमच्याकडे पोकळ ब्लॉकची पातळ भिंत असेल तर टाइल लावण्याआधी दांड्याच्या जागी काँक्रीट भरून घ्या आणि त्या जागांची मापे कागदावर लिहून ठेवा.

बसायची सोय सतरा ते एकोणीस इंच उंचीवर हवी. भिंतीत बांधलेला कडाप्प्याचा बाक दिसायला छान असतो, पण तो गार असतो, त्याखाली पाय मागे घेता येत नाहीत, आणि पाय मागे न घेता गुडघेदुखीच्या माणसाला उठता येत नाही. घडीची किंवा रबरी बुटांच्या पायांची सुटी खुर्ची बरी. हँड शॉवर सरकत्या दांड्यावर असावा, आणि पाण्याची चावी बसल्या जागेवरून हाताला लागेल अशा उंचीवर असावी, तशीच ती शॉवरच्या धारेखाली न शिरता बाहेर उभे राहूनही चालू करता यावी.

शेवटचे, आणि याला खर्च जवळजवळ नाही: न्हाणीघराचे दार बाहेर उघडणारे करा. आत पडलेला माणूस दाराला टेकून पडला, तर आत उघडणारे दार ढकलता येत नाही.

माटुंगारोड

सांधेजोड यांच्या सर्व म्हणण्याशी सहमत आहे, पण कट्टा मुळीच नको हे धागाकर्तीचे म्हणणे मला पटत नाही. आमच्याकडे कट्टा न ठेवल्यामुळे पाणी कमोडपर्यंत येते आणि सकाळी पायमोजे घालून कोणी आत गेले की घरात शिव्यांची लाखोली. निदान एक इंचाची ग्रॅनाइटची पट्टी असावी.

सांधेजोड

एक इंच ही उंची सर्वांत वाईट. चार इंचांची पायरी डोळ्यांना दिसते, म्हणून माणूस पाय उचलतो. एक इंच दिसत नाही आणि पायाचा अंगठा त्याला लागतो.

चौथरा

दोघांचेही बरोबर आहे आणि तोड सोपी आहे. पट्टी न घालता शॉवरची जागाच बाकीच्या फरशीपेक्षा दहाएक मिलिमीटर खाली घ्या आणि ती कड तिरपी घासून घ्या. माटुंगारोड यांच्याकडे पाणी बाहेर येते ते कट्टा नसल्यामुळे नाही, उतार कमी असल्यामुळे. मिस्त्री लेव्हलच्या नळीने उतार दाखवतो तेव्हा समाधान मानू नका. फरशी बसल्यावर, सांधे भरण्याआधी, बादलीभर पाणी ओता आणि पाच मिनिटांनी कुठे डबके राहते ते बोटाने पाहा. त्या टप्प्यावर टाइल काढता येते.

फरशीविषयी: चार फूट बाय दोन फुटांच्या मोठ्या टाइल शॉवरखाली घालू नका, कारण एका ट्रॅपकडे चारही बाजूंनी उतरणारी जमीन मोठ्या टाइलने बनतच नाही, तिला तिरके कापावे लागते. एक फूट बाय एक फूट किंवा त्याहून लहान घ्या. मोठ्याच हव्या असतील तर भिंतीलगत लांब, पट्टीसारखी नहाणी घ्या आणि उतार एकाच दिशेने ठेवा. टाइलच्या खोक्यावर आर १० किंवा आर ११ लिहिलेले असते, तो बुटांनिशी चालण्याचा घसरणीचा आकडा आहे. अनवाणी ओल्या पायांसाठी ए, बी, सी अशी वेगळी प्रतवारी असते आणि शॉवरला बी हवी. दुकानदाराला हे ठाऊक नसेल तर दुकानातच टाइलवर पाणी आणि साबण टाकून अनवाणी उभे राहा. आपल्या आजोळच्या मोरीत टाकीचे घाव असलेली खडबडीत शहाबादी फरशी असे. त्या काळी कोणाला आर १० ठाऊक नव्हते, पण मोरीत कोणी घसरल्याचेही मला आठवत नाही.

काचेविषयी एवढेच: टफन केलेली आठ किंवा दहा मिलिमीटरची काच एकदा भट्टीतून निघाली की तिला कापता किंवा भोक पाडता येत नाही, म्हणून मापे टाइल लागल्यावरच घेऊ द्या.

बादलीतांब्या

तुमच्या सोसायटीत टँकर किंवा बोअरचे पाणी मिसळत असेल तर काच घेऊच नका. महिन्याभरात ती दुधी होते आणि रोज आंघोळीनंतर वायपर कोण मारणार यावर घरात वाद होतात. आमच्याकडे दोन वर्षांनी काच काढून पडदा लावला. शिवाय म्हातारी माणसे काचेच्या दाराला आधार समजून हात टेकतात.

शेवंती

उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर येतोच, आणि हात टेकण्याचा मुद्दा मला घाबरवून गेला. काच रद्द. कमोडच्या बाजूला साडेतीन फूट उंचीची अर्धी भिंत आणि बाकी पडदा असे ठरले आहे.

काम सोमवारी सुरू झाले. टब निघेल कसा ही मला चिंता होती, कारण टब अडीच फूट रुंद आणि न्हाणीघराचे दार सव्वादोन फुटांचे. दोघा मजुरांनी पुढची विटांची भिंत फोडून टब कुशीवर उभा केला, तेव्हा त्याची खोली दीडच फूट असल्यामुळे तो दारातून सहज बाहेर आला. वजन इतके कमी की, एका माणसाने तो जिन्यापर्यंत नेला. वीस वर्षे ज्याला हलवणे अशक्य म्हणून सोडून दिले होते ते हे प्रकरण!

खाली जे दिसले ते चौथरा यांनी लिहिल्यासारखेच होते, किंबहुना थोडे वाईट. टब विटांच्या चार ढिगांवर टेकवलेला होता, मध्ये सिमेंटची फाटकी पोती, टाइलचे तुकडे आणि बिल्डरच्या माणसाने टाकून दिलेला गुटख्याच्या पुड्यांचा थर. फरशी नाहीच. सगळ्यांत आश्चर्य म्हणजे टबाची नळी ट्रॅपमध्ये नुसती सोडलेली होती, सांधा केलेलाच नव्हता. त्या टबात आम्ही खरोखर रोज आंघोळी केल्या असत्या तर खालच्या घरी केव्हाच पाणी गेले असते. बाकीच्या न्हाणीघरातला कोबा उकरला तेव्हा बेसिनच्या बाजूची वीट काळपट, ओली आणि हाताने चुरगळणारी निघाली. म्हणजे गळती तिथे होती, जिथे आम्ही रोज पाणी ओतत होतो. मिस्त्रींनी ती वीट मला हातात धरायला दिली; भिजवलेल्या रस्कसारखी वाटली.

चौथरा

ते बरे झाले, सगळे उकरले म्हणूनच सापडले. आता घाई करू देऊ नका. स्लॅब घासून साफ, नळ्या बसवून झाल्यावर त्यांच्याभोवती ग्राउट (फटी बुजवायचा मसाला), भिंत आणि स्लॅबच्या कोपऱ्यांना गोलाई, मग पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या लेपाचे दोन हात, कोपऱ्यांत जाळी. शॉवरच्या भिंतींवर हा लेप डोक्याच्या वर सहा-सात फुटांपर्यंत घ्या, बाकी भिंतींवर फूटभर पुरे. मग ट्रॅपची तोंडे बंद करून पाणी भरून ठेवा, किमान ४८ तास, ७२ झाले तर उत्तम. पाण्याच्या पातळीवर भिंतीला पेन्सिलने रेघ मारा. पुन्हा भराव करताना जुने विटांचे तुकडे वापरू नका. हलक्या एएसी (सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकचे तुकडे वापरले तर स्लॅबवरचा भार निम्म्याहून कमी होतो. आणि भरावाच्या तळाशी, बाहेर शाफ्टमध्ये (इमारतीच्या नळ्यांच्या उभ्या मोकळ्या जागेत) निघणारी एक बारीक नळी सोडा. उद्या पाणी झिरपलेच, तर ते खालच्या घराआधी त्या नळीत दिसेल.

शेवंती

पेन्सिलच्या रेघेने वाचवले. पहिल्या रात्रीतच पाणी रेघेखाली बोटभर उतरले. ठेकेदार म्हणाला, उन्हाने उडाले असेल. पण खिडकी बंद होती आणि पाऊस लागला होता. खालच्या घरी डाग नव्हता, तरी चौथरा यांचा सल्ला आठवून पुढचे काम थांबवले. कमोडच्या नळीच्या सांध्याभोवती लेप नीट बसलेला नव्हता, तिथून पाणी जात होते. तो खरवडून पुन्हा केला, वाळू दिला, पुन्हा पाणी भरले. या वेळी तिसऱ्या दिवशी पाणी रेघेला टेकलेलेच होते. खालच्या काकांना बोलावून दाखवले आणि त्यांचे छतही पुन्हा पाहून घेतले.

तीन आठवड्यांचे काम साडेचार आठवडे चालले. एपॉक्सी ग्राउट पुसायला मजुराने उशीर केला, त्यामुळे सहा टाइलवर पांढरट धुरी राहिली आहे. ती जात नाही. बाकी काम मनासारखे झाले. दार बाहेर उघडते, दांडे तीन लावले, बादलीचा नळ ठेवला.

सासूबाईंनी पहिल्या दिवशी हँड शॉवर हातात घेतला, धार पाहिली, परत अडकवला आणि बादली मागवली. आता त्या नव्या खुर्चीवर बसून बादलीनेच आंघोळ करतात, फक्त पाणी तिथेच, त्यांच्या पायाशी जाते आणि बाहेर येण्याची वाट कोरडी राहते. केस धुण्याच्या दिवशी मात्र हँड शॉवर लागतो, हे त्यांनी परवा कबूल केले.

एक प्रश्न राहिला. टब अजून खाली पार्किंगमध्ये उभा आहे. मुळशीकडे आमच्या नात्यातल्यांची जनावरे आहेत, ते गुरांना पाणी ठेवायला मागत आहेत. द्यायला हरकत नाही ना?

चौथरा

जरूर द्या. मात्र ॲक्रिलिकचा तळ पातळ असतो, त्याखाली मातीचा किंवा वाळूचा भक्कम थर करायला सांगा, नाहीतर म्हशीने मान टेकली की तडकेल. तळाचे भोक बुजवताना कडेला वर असलेले ओव्हरफ्लोचे भोक विसरू नका, पाण्याची पातळी तिथवर आली की ते गळते.

बादलीतांब्या

आणि पाण्यात चार गप्पी मासे सोडा, डास होणार नाहीत.